आकाशातला ‘खो’

विमानात बसलो की आपण पायलटच्या भरवशावर असतो, असं आपल्याला वाटतं. ते खरंही आहे. पण खाली जमिनीवर आणखी एक गोष्ट सतत चालू असते, जिच्याकडे आपलं लक्ष नसतं. आपण जेवणाचा ट्रे हातात घेऊन ‘व्हेज की नॉनव्हेज’चं उत्तर देत असतो, त्याच वेळी आपलं विमान एका नियंत्रण केंद्राच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात असतं. लंडन ते मुंबई या एका प्रवासात हे कितीतरी वेळा घडतं. इंग्लंडचं केंद्र ते युरोपातल्या शेजाऱ्याला देतं, तो पुढच्याला देतो. आखातावरून येणारं विमान शेवटी अरबी समुद्रावर कुठेतरी मस्कतच्या नियंत्रणातून मुंबईच्या नियंत्रणात येतं. प्रवाशाला कळतही नाही, आणि कळू नये हीच त्या व्यवस्थेची कमाल.

हवाई वाहतूक नियंत्रणात, म्हणजे एटीसीत, या सोपवण्याला ‘हँडऑफ’ म्हणतात. मला मात्र याला ‘खो’ म्हणावंसं वाटतं. खो-खोत बसलेल्या गड्याला मागून हात लागतो, ‘खो’ हा शब्द कानावर पडतो आणि मगच तो उठतो. आधी उठला तर फाउल. हात लागला आणि शब्द ऐकूच आला नाही, तर दोघंही गोंधळतात आणि समोरचा निसटतो. आकाशातही तसंच आहे. हे विमान या क्षणी कुणाचं आहे, याचं उत्तर एकच असावं लागतं. ‘दोघांचं’ हे उत्तर चालत नाही आणि ‘कुणाचंच नाही’ हे तर अजिबात चालत नाही.

पूर्वी हा खो टेलिफोनवरून दिला जायचा. ‘अमुक विमान, अमुक उंचीवर, इतक्या वाजता तुमच्या हद्दीत येतंय’ असं एक कंट्रोलर दुसऱ्याला सांगायचा, दुसरा ते कागदाच्या पट्टीवर लिहून घ्यायचा. आता बहुतेक ठिकाणी हे काम दोन केंद्रांचे संगणक आपापसात करतात. विमान हद्दीजवळ यायच्या आधी एक आगाऊ निरोप जातो. सीमेच्या काही मिनिटं आधी नक्की वेळ आणि उंची सांगणारा दुसरा निरोप जातो. समोरच्या संगणकानं तो नीट वाचला की तो पोच पाठवतो. ठरलेल्या वेळात पोच आली नाही, तर पाठवणाऱ्या कंट्रोलरच्या पडद्यावर इशारा दिसतो आणि तो फोन उचलतो. टपालखात्याच्या रजिस्टर्ड पत्रासारखंच. पोचपावती हाती येईपर्यंत काम पुरं झालं असं समजायचं नाही.

मी संगणक अभियंता. विमानांशी माझा संबंध तिकीट काढण्यापुरता. पण माझं रोजचं काम म्हणजे एका कंपनीच्या सिस्टीममधली माहिती दुसऱ्या कंपनीच्या सिस्टीमला समजेल अशा रूपात पोहोचवणं. त्यामुळे इंग्लंडमध्ये २०२३ साली जे घडलं त्याचे अधिकृत अहवाल मी एखादी रहस्यकथा वाचावी तसे वाचले. फरक एवढाच, की या कथेत खलनायक सापडत नाही.

२८ ऑगस्ट २०२३, सोमवार. इंग्लंडमध्ये बँक हॉलिडे, उन्हाळी सुट्टीचा शेवटचा मोठा वीकएंड, विमानतळ भरलेले. सकाळी साडेआठच्या सुमारास ब्रिटनची हवाई नियंत्रण संस्था ‘नॅट्स’च्या संगणकाकडे एक फ्लाइट प्लॅन आला. विमान लॉस एंजेलिसहून पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर चाललं होतं. ते ब्रिटनमध्ये उतरणार नव्हतं, फक्त ब्रिटनच्या आकाशातून जाणार होतं. या एका फ्लाइट प्लॅननंतर वीस सेकंदांच्या आत नॅट्सची ती यंत्रणा बंद पडली. तिच्या जागी उभी राहायला ठेवलेली दुसरी यंत्रणाही बंद पडली.

असं काय होतं त्या प्लॅनमध्ये? चूक कुठलीच नव्हती. गंमत तिथंच आहे.

विमानाचा मार्ग म्हणजे नकाशावरच्या ठरावीक बिंदूंची माळ असते. प्रत्येक बिंदूला छोटं नाव असतं. त्यातली काही नावं तीन अक्षरांची. इंग्रजी २६ अक्षरांतून तीन अक्षरी नावं करायची म्हटली तर जास्तीत जास्त १७,५७६ होतात, आणि जग मोठं आहे. त्यामुळे एकच नाव जगात दोन-तीन ठिकाणी सापडतं. ती ठिकाणं एकमेकांपासून लांब असली की सहसा अडत नाही. आपल्याकडे नाही का, पिंपळगाव म्हटलं की कुठलं, हे विचारावंच लागतं. नाशिककडचं पिंपळगाव बसवंत वेगळं आणि जळगावकडचं पिंपळगाव हरेश्वर वेगळं. गावातल्या माणसाला नुसतं ‘पिंपळगाव’ पुरतं, बाहेरून येणाऱ्या पार्सलला पुरत नाही.

त्या दिवशीच्या विमानाच्या मार्गावर ‘डीव्हीएल’ नावाचे दोन बिंदू होते. एक अमेरिकेत नॉर्थ डाकोटा राज्यातल्या डेव्हिल्स लेकचा, दुसरा फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या दोव्हिलचा. दोन्हींमध्ये अंतर सुमारे चार हजार नॉटिकल मैल, म्हणजे सात हजार किलोमीटरहून जास्त. आणि दोन्ही ब्रिटनच्या बाहेर.

आता खो कसा चुकला ते पाहू. विमान कंपनी आपला प्लॅन आधी युरोकंट्रोल या युरोपीय संस्थेकडे देते. कंपनीच्या मूळ प्लॅनमध्ये मार्गावरचे सगळे बिंदू लिहिलेले नसतात, तशी सक्तीही नसते. युरोकंट्रोलचा संगणक तो तपासतो आणि मधले बिंदू भरून त्याची सविस्तर आवृत्ती तयार करतो. मग त्या त्या देशाला, विमान हद्दीत यायच्या सुमारे चार तास आधी, मूळ आणि सविस्तर अशा दोन्ही आवृत्त्या मिळतात. डेव्हिल्स लेक कंपनीच्या मूळ प्लॅनमध्ये होतं. दोव्हिल फक्त सविस्तर आवृत्तीत होतं.

ब्रिटनच्या सॉफ्टवेअरचं काम साधं होतं. या लांबलचक मार्गातला आपल्या हद्दीतला तुकडा शोधायचा. हद्दीत शिरायचा बिंदू मूळ प्लॅनमध्ये सापडला. बाहेर पडायचा बिंदू सापडला नाही, म्हणून सॉफ्टवेअरनं त्याच्या पुढचा बिंदू शोधला. तोही मूळ प्लॅनमध्ये नव्हता. मग त्याच्याही पुढचा. असं करत करत ते दोव्हिलच्या ‘डीव्हीएल’पाशी आलं, आणि हे नाव मूळ प्लॅनमध्ये सापडलं. सॉफ्टवेअरचं समाधान झालं. पण सापडलं होतं ते अमेरिकेतलं डेव्हिल्स लेक, म्हणजे मार्गाच्या जवळपास सुरुवातीचं! थोडक्यात, हे विमान ब्रिटनमध्ये शिरण्याच्या कितीतरी आधीच ब्रिटनमधून बाहेर पडलं, असा हिशेब निघाला.

असा हिशेब निघाला तर काय करायचं, हे त्या सॉफ्टवेअरला कुणी शिकवलेलं नव्हतं. कंट्रोलरच्या पडद्यावर चुकीची माहिती जाण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, एवढंच त्याला माहीत होतं. त्यानं हात वर केले आणि काम बॅकअपकडे सोपवलं. बॅकअपमध्ये तंतोतंत तेच सॉफ्टवेअर. त्यानं तोच प्लॅन घेतला, तोच हिशेब केला आणि तेही थांबलं. एका मास्तरांकडे शिकलेल्या दोन विद्यार्थ्यांनी एकच गणित सारखंच चुकावं, तसं. यंत्र जळालं, वीज गेली, तर बॅकअप उपयोगी पडतो. विचारातच खोट असेल तर बॅकअप ती खोट इमानदारीनं पुन्हा करून दाखवतो.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आकाशात असलेल्या विमानांना त्या दिवशी धोका झाला नाही. रडार चालू होतं, रेडिओ चालू होता. पुढच्या चार तासांचे प्लॅन साठवलेले होते. बंद झाली होती ती नवे प्लॅन आत घेणारी खिडकी. मग माणसं ते हातानं भरू लागली, आणि हातानं तासाला साठच्या आसपासच प्लॅन भरता येतात. ब्रिटनच्या आकाशात रोज हजारो विमानं असतात. साठा संपत आला तशी विमानं जमिनीवरच थांबवावी लागली.

दुरुस्तीला इतका वेळ का लागला, हा भाग मला जास्त ओळखीचा वाटला. सुट्टीचा दिवस, मदतीचा अभियंता घरून ड्यूटीवर. घरून जोडून काम होईना, म्हणून त्याला प्रत्यक्ष केंद्रात यावं लागलं. त्या प्रवासातच दीड तास गेला. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीची मदत मागितली, तोवर घटनेला चार तासांहून जास्त वेळ झाला होता. कंपनीच्या लोकांनी नोंदी पाहिल्या आणि नेमका तो एक प्लॅन बाजूला काढला. दुपारी अडीचच्या सुमारास यंत्रणा परत सुरू झाली. पण विमानांचं वेळापत्रक एकदा कोलमडलं की एका दिवसात सावरत नाही. या एका घटनेत सात लाखांहून जास्त प्रवाशांचे हाल झाले. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये स्वतंत्र चौकशी समितीचा अंतिम अहवाल आला, त्यात ३४ शिफारशी होत्या.

हीच यंत्रणा २०१८ पासून चालू होती आणि तिनं तोवर दीड कोटीहून जास्त प्लॅन व्यवस्थित हाताळले होते. विमान कंपनीनं नियमानं प्लॅन दिला. युरोकंट्रोलनं नियमानं तपासला आणि पुढे पाठवला. नॅट्सच्या सॉफ्टवेअरनं शिकवलेल्या नियमानं वाचला. प्रत्येकजण आपापल्या गावात बरोबर होता. चूक वेशीवर होती, आणि वेस कुणाच्याच मालकीची नव्हती. या सगळ्या प्रकरणातून मला कळलेली मुख्य गोष्ट हीच. सिस्टीमच्या पोटात काय आहे, याची चाचणी घेणारे पुष्कळ असतात. दोन सिस्टीमच्या मध्ये काय आहे, हे पाहायचं काम नेमकं कुणाचं, असं विचारलं की मीटिंगमध्ये शांतता पसरते.

२०२३ मध्ये हाल झाले, जीव गेले नाहीत. वेशीवरचं बोलणं तुटलं की काय होऊ शकतं, हे युरोपनं त्याआधी २१ वर्षं पाहिलं होतं.

१ जुलै २००२ च्या रात्री दक्षिण जर्मनीत युबरलिंगन गावावर दोन विमानांची टक्कर झाली. एक रशियन टुपोलेव्ह, मॉस्कोहून बार्सिलोनाला निघालेलं. दुसरं मालवाहू बोइंग, इटलीतल्या बेर्गामोहून ब्रसेल्सला. ते आकाश जर्मनीचं, पण त्याचं नियंत्रण स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिककडे सोपवलेलं. झ्युरिकमध्ये त्या रात्री एकच कंट्रोलर दोन पडदे सांभाळत होता, सहकारी विश्रांतीला गेला होता. देखभालीसाठी मुख्य टेलिफोन यंत्रणा बंद ठेवलेली होती. पर्यायी लाइन होती, पण तिच्यातही बिघाड होता आणि तो कुणाच्या लक्षात आलेला नव्हता. धोक्याची सूचना पडद्यावर दाखवणारी सोयही देखभालीमुळे बंद होती.

तेवढ्यात एक उशीर झालेलं तिसरं विमान जवळच्या फ्रीड्रिक्सहाफनला उतरायला आलं. ते तिथल्या विमानतळाकडे सोपवायचं, म्हणजे एक साधा खो द्यायचा होता. त्यासाठी कंट्रोलर फोन लावत राहिला आणि फोन लागेना. त्याचं सगळं लक्ष त्या एका सोपवण्यात अडकलं. त्याच वेळी दुसऱ्या पडद्यावर दोन विमानं एकाच उंचीवर एकमेकांकडे येत होती.

शेजारच्या कार्ल्सरुहे केंद्रातल्या जर्मन कंट्रोलरला मात्र दिसत होतं. त्याच्या यंत्रणेनं सुमारे दोन मिनिटं आधी इशारा दिला. त्यानं झ्युरिकला पुन्हा पुन्हा फोन लावला. लाइन लागली नाही. विमानं त्याच्या रेडिओ लहरीवर नव्हती, ती झ्युरिकची होती. पाहणारा बोलू शकत नव्हता आणि बोलू शकणारा पाहत नव्हता. झ्युरिकच्या कंट्रोलरच्या लक्षात आलं तेव्हा मिनिटभरही उरलं नव्हतं. त्यानं रशियन विमानाला खाली जायला सांगितलं. त्याच विमानातली टक्कर टाळणारी यंत्रणा वर जायला सांगत होती आणि बोइंगला तिनं खाली जायला सांगितलं होतं. दोन्ही विमानं खाली गेली. ७१ माणसं गेली. रशियन विमानात बहुतेक उफा शहरातली शाळकरी मुलं होती, सुट्टीला निघालेली.

या अपघाताचं एकच एक कारण नाही. पण त्यातली फोनची गोष्ट मला सोडत नाही. पर्यायी लाइन कागदावर होती. ती चालू आहे का, हे त्या रात्री आधी कुणी उचलून पाहिलं नव्हतं.

अलीकडचीही उदाहरणं आहेत. अमेरिकेत नूअर्क विमानतळाच्या आसपासचं आकाश सांभाळणारा विभाग जुलै २०२४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडहून फिलाडेल्फियाला हलवला. माणसं हलली, पण रडारची माहिती न्यूयॉर्ककडूनच तारेनं फिलाडेल्फियाला येत राहिली. २८ एप्रिल २०२५ ला ती जोडणी तुटली आणि जवळपास दीड मिनिट कंट्रोलरांचे पडदे आणि रेडिओ गेले. दीड मिनिट वाचायला काहीच नाही. विमानं उतरायच्या रांगेत असताना ते केवढं असतं, याचा अंदाज एवढ्यावरून यावा की त्यानंतर काही कंट्रोलर मानसिक धक्क्यामुळे रजेवर गेले. न्यू जर्सी-एडिसनमधल्या आपल्या मंडळींना त्यानंतरचे आठवडे आठवत असतीलच.

आणि आपल्या दिल्लीत ७ नोव्हेंबर २०२५ ला जे ठप्प झालं, ते रडार नव्हतं. फ्लाइट प्लॅनसारखे निरोप इकडून तिकडे पोहोचवणारी यंत्रणा बिघडली होती. म्हणजे पुन्हा पोस्टमनच आजारी. कंट्रोलरांनी हातानं प्लॅन भरून काम चालू ठेवलं, शेकडो विमानांना उशीर झाला, पण विमानं सुखरूप उडाली आणि उतरली.

मग करायचं काय? संगणक काढून टाका आणि पुन्हा कागदाच्या पट्ट्या आणा, असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. आजची गर्दी कागदावर पेलणार नाही. पण माझ्या धंद्यातल्या माणसांनी तीन गोष्टी मनावर घ्याव्यात असं मला वाटतं. पहिली, एक निरोप समजला नाही तर तेवढाच बाजूला ठेवावा, माणसाला दाखवावा आणि बाकीचं काम चालू ठेवावं. पंगतीत एका पानावर खडा निघाला म्हणून सगळी पंगत उठवत नाहीत. अर्थात खडा एकाच पानावर आहे, याची खात्री करून घ्यावी लागते, आणि ती खात्री करणं हेच खरं अवघड काम. दुसरी, पर्याय ठेवलाय एवढ्यावर थांबू नये, तो वरचेवर वापरून पाहावा. माळ्यावर ठेवलेला कंदील वीज गेल्यावरच पहिल्यांदा काढला, तर त्यात वात नसते. तिसरी, दोन सिस्टीमच्या मधल्या जागेला एक नाव असलेला, फोन नंबर असलेला मालक नेमावा. सुट्टीच्या दिवशीही उचलेल असा.

आपल्यासारख्या परदेशात राहणाऱ्या प्रवाशांसाठीही एक कामाची गोष्ट. ब्रिटनमधून निघणारं विमान अशा बिघाडामुळे रद्द झालं, तर नुकसानभरपाई मिळत नाही, कारण दोष विमान कंपनीचा नसतो. पण जेवण, गरज पडल्यास हॉटेल, आणि पर्यायी विमान किंवा तिकिटाचे पैसे परत, हा हक्क तरीही कायम असतो. आईवडील एकटे प्रवास करत असतील तर त्यांना हे आधीच समजावून सांगावं. काउंटरवर भांडायची त्यांची तयारी नसते, आणि मागितल्याशिवाय सगळंच मिळतं असंही नाही.

आज मी कुठल्याही नव्या जोडणीचं काम हाती घेतो, तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारतो, की निरोप पोहोचला हे मला कोण सांगणार, आणि पोहोचला पण समोरच्याला त्याचा अर्थ दुसराच लागला, तर ते कुणाला कळणार? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा लगेच मिळतं. दुसऱ्याचं मिळेपर्यंत सही करायची नाही, असं मी ठरवलंय.